हळदीचा कागद आणि चाळीस मिनिटं: नव्या विज्ञान शिक्षकांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी सातवीच्या वर्गावर मी मेणबत्तीचा प्रयोग केला. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला पालथा. ज्योत विझली, पाणी पेल्यात सरसर चढलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत सांगून टाकलं, "मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला. हवेत ऑक्सिजन साधारण एकपंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढं चढलं." फळ्यावर आकृती, वहीत निष्कर्ष, घंटा. तास झकास झाला या समाधानात मी शिक्षकखोलीत जाऊन चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी दाराशी येऊन घुटमळली. "बाई, मी घरी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्त चढलं. पेला तोच होता. मग आतला ऑक्सिजन पण तेवढाच ना?"

मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगते गं," म्हणून तिला पाठवलं आणि त्या रात्री स्वयंपाकघरात तोच खेळ चार वेळा मांडला. तेव्हा कुठे नीट पाहिलं. मेणबत्ती जळत असते तोवर पाणी फारसं चढतच नाही. ते चढतं ज्योत विझल्यावर, आणि एकदम. पेला वरून खाली आणताना ज्योतीमुळे त्यातली हवा तापून पसरते, थोडी काठाखालून बुडबुडे होऊन निसटतेही. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, म्हणून जास्त पाणी. शिवाय ज्योत विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो, आणि जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते. माझं एकपंचमांशाचं गणित योगायोगाने जुळलं होतं.

मी चुकीचं शिकवलं ही गोष्ट आहेच. पण पुढची कितीतरी वर्षं मला टोचत राहिलं ते वेगळंच. टाळ्या अठ्ठावन्न जणांनी वाजवल्या, विचार एकीनेच केला, आणि तोही घरी जाऊन. वर्गात तिला विचार करायला मी काही ठेवलंच नव्हतं. प्रश्न माझा, प्रयोग माझा, उत्तरही माझंच.

आज तेवीस वर्षांनी नवीन शिक्षक विचारतात, "मॅडम, मुलं तासाला रमतच नाहीत, काय करू?" तेव्हा मी एकच सांगते. काहीही दाखवायच्या आधी प्रत्येक मुलाकडून अंदाज घ्या, आणि तो लिहून घ्या. अंदाज वहीत उतरला की मुलाचा जीव त्यात अडकतो. पैज लावलेला माणूस मॅच शेवटच्या चेंडूपर्यंत बघतो, तसंच आहे हे. आता ते कसं करायचं, ते सविस्तर सांगते.

टाचण काढण्याआधी

बी.एड.ला टाचण काढायला शिकवतात: उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, विकसन. ते काढाच, तपासायला लागतं. पण त्याआधी कोऱ्या पानावर दोन ओळी लिहा. पहिली: या घटकाबद्दल मुलांना आधीपासून काय वाटत असेल? दुसरी: त्यातलं काय चुकीचं आहे, आणि ते त्यांना डोळ्यांनी कसं दिसेल?

पहिली ओळ अंदाजाने लिहू नका. आदल्या दिवशी तास संपताना प्रत्येकाला वहीचा चतकोर कागद द्या आणि एक प्रश्न विचारा. नाव लिहायचं नाही, मार्क नाहीत. "उन्हाळ्यात गरम का होतं?" असा प्रश्न कधी टाकून बघा. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून" हे उत्तर हमखास सापडेल, भरपूर वेळा. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २० लाख किलोमीटरच्या आसपास. हा आकडा फळ्यावर लिहा आणि फक्त विचारा, "मग जानेवारीत आपण स्वेटर का घालतो?" पुढची दहा मिनिटं वर्ग तुमचा.

तशीच दुसरी समजूत: झाड माती खाऊन वाढतं. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉन्ट याने मोजून घेतलेल्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी दिलं. झाडाचं वजन सुमारे ७४ किलोने वाढलं, माती कमी झाली ती जेमतेम ५५-६० ग्रॅम. हे आकडे देऊन थांबा. "मग एवढं लाकूड आलं कुठून?" मुलं म्हणतील, पाण्यातून. हेल्मॉन्टलाही तेच वाटलं होतं. हवेकडे त्याचं लक्ष गेलं नाही. शास्त्रज्ञही आपल्यासारखाच फसतो हे ऐकल्यावर मागच्या बाकावरची मुलं किती खूश होतात, ते बघण्यासारखं असतं.

एक तास, सुरुवातीपासून शेवटापर्यंत

आम्ल आणि आम्लारी हा घटक घेऊ. बहुतेक वर्गांत तो व्याख्येने सुरू होतो आणि लिटमसच्या तक्त्यावर संपतो. मी तो हळदीपासून सुरू करते, कारण हळदीचा डाग लागलेला शर्ट प्रत्येक घरात असतो.

तयारी आदल्या संध्याकाळी. अर्धा चमचा हळदीत थोडं पाणी घालून सैलसर लगदा करा, पांढऱ्या कागदावर बोटाने किंवा कापसाने पातळ पसरा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, उन्हात हळदीचा रंग उडतो. वाळला की बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. साठ मुलांना दोन-तीन कागद पुरतात. परीक्षानळ्या लागत नाहीत, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा करा. द्रवांसाठी लिंबाचा रस, ताक, चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, अंगाच्या साबणाचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी. पाच-सहा जणांचे गट करा. त्याहून मोठा गट केला की दोघं काम करतात आणि चौघं एकमेकांच्या डब्यांची चौकशी.

तासाला गेल्यावर साहित्य लगेच वाटू नका. ही चूक मी कितीदा केली त्याला गणती नाही. हातात झाकणं आली की सूचना ऐकायला कुणी उरत नाही. आधी सगळं सांगा, कुणाकडून तरी पुन्हा वदवून घ्या, मग वाटा.

पहिलं वाक्य माझं ठरलेलं असतं: "शर्टाला वरणाचा डाग पडला आणि आईने साबण लावला, तर काय होतं?" दोघं-तिघं ओरडतात, "लाल होतो!" काहींनी पाहिलेलं नसतं, ते या दोघा-तिघांकडे संशयाने बघतात. तो संशय तसाच राहू द्या. फळ्यावर आठ द्रवांची नावं लिहा. प्रत्येकाने आपल्या वहीत नावासमोर लिहायचं: रंग बदलेल की नाही. पेननेच. पेन्सिलने लिहिलं तर नंतर खोडरबर चालतं आणि सगळेच बरोबर ठरतात.

मग हात वर. "ताकाने बदलेल असं किती जणांना वाटतं?" आकडा फळ्यावर मांडा. "मिठाच्या पाण्याने?" आकडा मांडा. तुमच्या चेहऱ्यावर काहीही दिसता कामा नये. भुवई जरा उडाली तरी मुलं ओळखतात आणि मतं फिरतात.

आता साहित्य वाटा. थेंब पडले की वर्गात गलका होईल. होऊ दे. साबणाच्या पाण्याने पट्टी लालसर तपकिरी होते, धुण्याच्या सोड्याने चांगली गडद, खायच्या सोड्याने मात्र फिकट तांबूस. त्यावर गटागटांत भांडणं लागतात, "बदलला", "नाही बदलला". ती भांडणं मिटवू नका, दोघांनाही कोरी पट्टी शेजारी ठेवून बघायला सांगा. तुलना करायला मूळची पट्टी लागते, हे त्यांना इथे कळतं. प्रयोगवहीतल्या "दक्षता" या मथळ्याखाली लिहून ते कळत नाही.

लिंबू, ताक, चिंच, मीठ, साखर: पट्टी पिवळीच. इथे मी विचारते, "म्हणजे लिंबू आणि साखरेचं पाणी एकाच जातीचं?" वर्ग गोंधळतो. चवीला तर जमीन-अस्मानाचा फरक. कुणीतरी म्हणतं, "हळदीला कळत नसेल." मला हेच हवं असतं. हळद फक्त आम्लारी ओळखते; आम्ल आणि उदासीन यांतला फरक तिला दाखवता येत नाही. मग पिशवीतून जास्वंदीचं पाणी काढायचं: लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून गाळलेलं. लिंबाने ते गडद गुलाबी होतं, साबणाने हिरवट, साखरेने जसंच्या तसं. दुसरा दर्शक, म्हणजे रंग बदलून ओळख पटवणारा पदार्थ, का लागला हे आता सांगावं लागत नाही. "आम्ल", "आम्लारी", "उदासीन", "दर्शक" हे शब्द मी फळ्यावर लिहिते ते या क्षणी, तिसाव्या मिनिटाला. आधी लिहिले असते तर पाठ झाले असते; आता त्यांना त्या शब्दांची गरज असते.

शेवटी लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळा. पुन्हा पिवळी. या वेळी टाळ्या वाजल्या तर वाजू द्या.

एका वर्षी या तासाला मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे कुंकू?" मी विचारलं, "कुंकवाचं काय?" तर म्हणे, "आजी सांगते कुंकू हळदीचंच असतं." पोरगा बरोबर होता. पारंपरिक पद्धतीने कुंकू करतात ते हळदीवर क्षाराची क्रिया करूनच. तबकात शेजारी ठेवलेली ती दोन बोटं म्हणजे एकच हळद, दोन रंगांत. तेव्हापासून गृहपाठ ठरला: घरातलं चिमूटभर कुंकू पाण्यात भिजवून लिंबू पिळायचं आणि काय होतं ते लिहून आणायचं. बाजारातल्या पुष्कळ कुंकवांत नुसता रंग असतो, त्यामुळे उत्तरं वेगवेगळी येतात. फार बरं. एकाचं बघून दुसऱ्याला लिहिता येत नाही.

शाम्पूचीही गंमत आहे. साबणाने लाल होणारी पट्टी शाम्पूने बहुतेक वेळा पिवळीच राहते. का, ते मी सांगत नाही.

प्रश्न विचारून गप्प बसणं

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती बारकाईने तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं त्यांना आढळलं. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गात उभं राहून थांबून बघा, युग लोटल्यासारखं वाटतं. मी मनात "एक पोळी, दोन पोळ्या, तीन पोळ्या" म्हणते.

दुसरं, उत्तर आल्याबरोबर "शाब्बास, बरोबर!" म्हणू नका. तिथे विचार संपतो. "बरं. आणखी कुणाला वेगळं वाटतं?" एवढंच पुरे. चुकीच्या उत्तरालाही तोच सूर, तोच चेहरा. "तुला असं का वाटलं?" हा प्रश्न फक्त चुकलेल्या मुलाला विचारलात तर आठवड्याभरात वर्ग ओळखतो की बाईंनी "का" विचारलं म्हणजे आपलं चुकलं. म्हणून बरोबर उत्तरालाही "का" विचारा.

आणि "कळलं का?" हा प्रश्न तर सोडूनच द्या. त्याला एकच उत्तर आहे, सगळा वर्ग एका सुरात देतो.

प्रयोग फसतो तेव्हा

फसणारच. निम्मे फसतात ते आदल्या दिवशी करून न बघितल्यामुळे. घरच्या नव्या साहित्याने करून बघितलं आणि शाळेत कपाटातला दमट, जुना लिटमस निघाला, असंही होतं. तेच साहित्य, तीच खोली, शक्य तर तीच वेळ.

काही प्रयोग ऋतूवर नाराज असतात. केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग जुलैत कोकणात करून बघा. दमट हवेत प्रभार टिकतच नाही आणि आपण वर्गासमोर वेड्यासारखे डोकं घासत राहतो. जानेवारीत तोच प्रयोग तडतड आवाजासकट होतो. वार्षिक नियोजन करताना स्थितिक विद्युत हिवाळ्यात ढकलता येते का बघा. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

सावल्यांचंही तसंच. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. पुण्यात साधारण १३ मेला आणि पुन्हा जुलैअखेरीस. पण मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग! आम्ही त्यावर तोड काढली ती अशी: मैदानात एक काठी रोवायची आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मधल्या सुट्टीत ठरावीक वेळी तिच्या सावलीच्या टोकाला खूण करायची. जूनपासून मार्चपर्यंत ती खूण सरकताना मुलं बघतात. शिपाईमामांना मात्र आधी सांगून ठेवा. आमच्या पहिल्या वर्षीच्या खुणा स्नेहसंमेलनाच्या साफसफाईत गेल्या.

वर्गासमोरच प्रयोग फसला तर घाईने "असं व्हायला हवं होतं" म्हणून पुढे जाऊ नका. "का झालं नसेल? तीन कारणं लिहा." असे तास मला माझ्या जमलेल्या प्रयोगांपेक्षा जास्त आठवतात.

साहित्य नाही, पैसे नाहीत

प्रयोगशाळेला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, ही स्थिती मी जाणून आहे. अरविंद गुप्ता यांचं काम एकदा बघाच. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करत राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकं आणि चित्रफितीसुद्धा मोफत आहेत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या एवढ्या भांडवलावर त्रिकोण आणि चौकोन करा. चौकोन बोटाने दाबला की लवंडतो, त्रिकोण हलत नाही. आता मुलांना पत्र्याच्या शेडच्या कैच्या बघायला पाठवा.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, चुनाभट्टीला १९६६ पासूनची मराठी विज्ञान परिषद. जवळ असाल तर जाऊन या. लांब असाल तर गावातला सायकलवाला, कुंभार आणि दूध संकलन केंद्रात फॅट मोजणारा माणूस हे तुमचे पाहुणे व्याख्याते. आमच्याकडे दूधवाले काका लॅक्टोमीटर घेऊन आले त्या दिवशी "घनता" या शब्दाला पहिल्यांदा अर्थ आला. काकांना निघायला उशीर झाला, कारण दुधात पाणी घातलेलं कसं ओळखतात हे निम्म्या वर्गाला स्वतः करून बघायचं होतं.

जपायचं काय

थोडक्यात सांगते, पण यात तडजोड नको. चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. चुन्याची निवळी वापरायची तर ती तुम्हीच करा, मुलांच्या हातात फक्त गाळलेलं पाणी. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट भरायचं नाही. ओढण्या आणि वेण्या मागे बांधून घ्या. आणि सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, काजळी धरलेल्या काचेतूनही नाही.

"पोर्शन कधी संपणार?"

हा प्रश्न शिक्षकखोलीत पहिल्याच महिन्यात येईल. बरोबरच आहे. प्रत्येक तास हळदीसारखा घेता येत नाही. मीही घेत नाही. आठवड्यात एक असा तास धरा. बाकीच्या तासांना सुरुवातीची पाच मिनिटं: एक प्रश्न, लिहिलेला अंदाज, मग नेहमीसारखं शिकवणं. चाचणीत मार्क लिहिण्यावर मिळतात, म्हणून प्रयोगाच्या तासाची शेवटची पाच मिनिटं शांततेची. फळा पुसायचा आणि प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत तीन वाक्यं लिहायची: मला काय वाटलं होतं, काय झालं, का झालं. सुरुवातीला "प्रयोग झाला व निष्कर्ष निघाला" अशी वाक्यं येतात. दिवाळीपर्यंत सुधारतात.

वर्गातल्या आवाजाची तक्रारही येईल. शेजारच्या वर्गात गणित चालू असतं, त्यांचंही बरोबर. त्यांना आदल्या दिवशी सांगा, जमल्यास तो तास मैदानाजवळच्या वर्गात किंवा व्हरांड्यात घ्या. शांत करायची एक खूण पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. मी हात वर करते, बघणाऱ्या प्रत्येकाने हात वर करून गप्प व्हायचं. ओरडून शांत केलेला वर्ग दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्या ओरडण्याची वाट बघतो.

संध्याकाळी टाचणवहीच्या मागच्या पानावर दोन-चार ओळी लिहा. तपासणीसाठी नाहीत त्या, पुढच्या वर्षीसाठी. हळदीच्या तासाच्या माझ्या पानावर गेल्या वर्षीची नोंद अशी आहे: "जास्वंद सकाळीच आणायला सांगणे, दुपारी कोमेजते. झाकणं ८० हवीत, ६० कमी पडली. ताकाला २९ जण 'बदलेल' म्हणाले. खिडकीजवळची ती गप्प मुलगी आज दोनदा बोलली, दुसऱ्यांदा न विचारता."